पाताळ नावाचा शेजार

विष्णुपुराणाच्या दुसऱ्या अंशात नारदमुनी पाताळाची फेरी करून स्वर्गात परततात आणि देवांच्या सभेत सांगतात, की पाताळ स्वर्गाहून रमणीय आहे. तिथे उपवनं आहेत, नद्या आहेत, कमळांनी भरलेली तळी आहेत. सूर्य उजेड देतो पण पोळत नाही, चंद्र प्रकाश देतो पण गारठवत नाही. भागवताच्या पाचव्या स्कंधात अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल आणि पाताळ या सात तळांना मिळून ‘बिलस्वर्ग’ म्हटलं आहे, म्हणजे बिळातला स्वर्ग. तिथे ऊन पोहोचत नाही. नागांच्या फण्यांवरच्या रत्नांनी अंधार हटतो. यातल्या सुतलात बळीराजा राहतो आणि खुद्द विष्णू त्याच्या दारावर उभा असतो.

महाराष्ट्रात आजही दिवाळीच्या दिवसांत ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ असं म्हणतात. ज्याला पाताळात ढकललं, त्यानंच पुन्हा वर यावं अशी ही मागणी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त या बळीला न्यायी राजाचं स्थान दिलं आणि त्याला खाली लोटणाऱ्यांना जाब विचारला. अंडरवर्ल्ड या विषयाची ओळख मराठी वाचकाला करून द्यायची, तर ती इथूनच सुरू करायला हवी. ‘खालचं जग’ म्हटल्यावर आपोआप गुन्हेगार डोळ्यांपुढे यावेत, ही आपली जुनी सवय नव्हे. पापाच्या शिक्षेसाठी नरक होता. पाताळ हा वेगळा मुलूख होता. त्याचे राजे, त्याची संपत्ती, त्याची कुळं सगळं स्वतंत्र होतं. दयानंद सरस्वतींनी तर ‘सत्यार्थप्रकाश’मध्ये पाताळ म्हणजे अमेरिका असं सांगून टाकलं. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूचा देश, एवढाच त्यांच्या लेखी त्याचा अर्थ.

भाषेनं अर्थात खालच्या दिशेला वाईट अर्थही चिकटवले. माणूस ‘रसातळाला जातो’, दडून बसलेल्याला ‘पाताळातून हुडकून काढू’ असा दम दिला जातो. पण या विषयाच्या दृष्टीने मराठीतला सगळ्यात मोलाचा शब्द आहे ‘पाताळयंत्री’. कुणाला कळू न देता खोलवर डाव रचणारा तो पाताळयंत्री. हा माणूस पाताळात राहत नाही. तो दरबारात असतो, वाड्याच्या ओसरीवर असतो, पंगतीत आपल्या शेजारी बसून जेवतो. यंत्र तेवढं खाली फिरत असतं, फिरवणारा वरच असतो. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांना मुंबईच्या टोळ्या ठाऊक असणं शक्य नव्हतं, तरी त्या टोळ्यांचं मर्म त्यात पुरतं सापडतं.

जमिनीखाली जाण्याचा एक मानाचा अर्थही मराठीत आहे. १९४२ च्या चळवळीत जे पोलिसांना सापडले नाहीत ते ‘भूमिगत’ झाले. साताऱ्याच्या पत्री सरकारात नाना पाटील आणि त्यांचे साथीदार वर्षानुवर्षं असे राहिले. मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी गुप्त रेडिओ केंद्र जागा बदलून बदलून चालवत होते. तेही त्या वेळच्या कायद्याने गुन्हेगारच. कायदा मोडणं, लपणं, खोटी नावं घेणं, निरोप्यांमार्फत काम करणं ही कार्यपद्धती टोळीवाल्यांसारखीच, पण घरोघर त्यांना भाकरी मिळाली ती भीतीपोटी नव्हे. म्हणूनच मराठी माणूस भूमिगत आणि अंडरवर्ल्ड यांची गल्लत कधी करत नाही.

इंग्रजीत या शब्दाचा प्रवास जरा निराळा झाला. आधी तो स्वर्गाच्या खालचं जग, म्हणजे ही आपली पृथ्वी, अशा अर्थाने वापरला गेला. मग ग्रीकांच्या हेडीससारख्या मृतांच्या राज्यासाठी. पृथ्वीच्या उलट्या बाजूच्या देशांनाही तो लावला गेला, आपल्याकडे पाताळ म्हणजे अमेरिका झालं तसाच. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क, लंडनसारखी शहरं फुगली, तेव्हा प्रतिष्ठितांना न दिसणाऱ्या वस्त्यांसाठी तो रुळला. जॉर्ज एलिंग्टन या नावाने १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या स्त्रियांवर प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या उपशीर्षकात महानगराचं ‘अंडर-वर्ल्ड’ आहे. पुढे अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी आली आणि तिच्याबरोबर अल कपोनसारखे टोळीप्रमुख. १९२७ साली जोसेफ फॉन स्टर्नबर्गचा ‘अंडरवर्ल्ड’ हा मूकपट आला. त्याच्या कथेला पहिल्याच ऑस्कर सोहळ्यात पुरस्कार मिळाला. तिथून पुढे हा शब्द आणि सिनेमा यांची जोडी फुटली नाही.

मुंबईची गोष्टही दारूबंदीपासूनच सुरू करावी लागते.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदीचा कायदा केला. मोरारजी देसाई तेव्हा गृहमंत्री होते. पगाराच्या दिवशी गुत्त्यात रिकामा होणारा खिसा आणि घरी उपाशी बसलेली बायकापोरं हे त्या काळातलं खरं दुःख होतं. कायद्यामागचा हेतू खोटा नव्हता. पण पिणारे थांबले नाहीत. काळा गूळ आणि नवसागर घालून पिंपात रसायन सडवायचं, हातभट्टीवर गाळायचं, रबरी ट्यूबमध्ये भरून शहरभर पोचवायचं, हा धंदा धारावी, अँटॉप हिलच्या आसपास फोफावला. व्हीटी स्टेशनवर हमाली करणारा वरदराजन मुदलियार त्यातून मोठा झाला. माटुंग्याच्या त्याच्या गणेशोत्सवाला बडी माणसं येत. त्या कायद्याची खूण आज महाराष्ट्राच्या रस्तोरस्ती दिसते: बारच्या पाटीवर अजूनही ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं.

दुसरी बंदी सोन्यावर आली. चीनशी झालेल्या युद्धानंतर परकीय चलनाची चणचण होती. अर्थमंत्री होते तेच मोरारजी. जानेवारी १९६३ पासून १४ कॅरटपेक्षा शुद्ध दागिने घडवायला मनाई झाली आणि १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सामान्य माणसाला चिपा आणि नाणी बाळगण्याचीही बंदी आली. सोनार देशोधडीला लागले. मुलीच्या लग्नात सोनं घालणं मात्र कुणी सोडलं नाही. मग दुबईहून गलबतं निघू लागली. दुबईत सोनं विकत घेणं पूर्णपणे कायदेशीर होतं. गुन्हा सुरू व्हायचा तो आपल्या किनाऱ्यावर. दहा-दहा तोळ्यांची बिस्किटं, त्यांच्या मापाचे कप्पे शिवलेली जाड कापडाची जाकिटं, एका जाकिटात शंभर बिस्किटं. म्हणजे अंगावर सुमारे साडेअकरा किलोचं ओझं घेऊन माणूस शर्टाची बटणं लावून गर्दीतून चालत जायचा. गोदीत काम केलेला हाजी मस्तान या तस्करीत गाजला. आणीबाणीत त्याला स्थानबद्ध केलं, पण तस्करीचा कणा मोडला तो पुढे. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला आणि १९९२ पासून परदेशातून परतणाऱ्या भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोनं आणता येऊ लागलं, तेव्हा त्या जाकिटांचं मोल एकाएकी उतरलं.

यावरून सगळे कायदे मोडीत काढावेत असा निष्कर्ष कुणी काढू नये. पण एवढं दिसतं, की प्रत्येक अंडरवर्ल्डला लाखो गिऱ्हाइकं असतात, आणि ती वरच्या जगात राहतात. टोळीप्रमुखाचं चरित्र वाचताना ती गिऱ्हाइकं नजरेआड झाली, की हा विषय हातातून निसटलाच.

मटक्याचं उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव मुंबईत कळत, त्यावर पैजा लागत. १९६१ च्या सुमारास ती सोय बंद झाली. मग वरळीत कल्याणजी भगत या कच्छी माणसाने १९६२ मध्ये चिठ्ठ्या काढून आकडे ठरवायला सुरुवात केली. दोन वर्षांनी रतन खत्रीने आपला स्वतंत्र मटका काढला आणि पुढे पत्त्यांचा जोड वापरला. पद्धत पोरालाही समजेल अशी. समजा तीन, सहा आणि आठ ही पानं निघाली. बेरीज १७, शेवटचा अंक सात. हा झाला ‘ओपन’. रात्री उशिरा आणखी तीन पानं, समजा एक्का, चौका आणि नव्वा. बेरीज १४, म्हणून ‘क्लोज’ चार. जोडी झाली ७४. एका आकड्याला नऊपट पैसे, जोडीला त्याहून कितीतरी जास्त. चार-आठ आण्यांतही खेळता येई, म्हणून गिरणीतला बदली कामगार, रिक्षावाला, भाजीवाली सगळेच आकडा लावत. कोपऱ्यावरच्या टपरीतला बुकी चिठ्ठीवर आकडा लिहून देई आणि त्या चिटोऱ्यावर पैसे चुकते होत. लेखी करार नाही, कोर्ट नाही, तरी विश्वास असा, की आकडा लागला तर पैसे मिळणारच. हा सगळा व्यवहार १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा होता. त्याच काळात, १९६९ पासून, महाराष्ट्र राज्याची स्वतःची लॉटरी सुरू झाली, आणि तिची तिकिटं त्याच नाक्यांवर उघडपणे विकली जात होती.

या कहाणीचा पुढचा भाग रक्ताचा आहे, आणि त्याचं मूळ गिरणगावात आहे.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप कधी अधिकृतपणे संपलाच नाही. लालबाग, परळ, भायखळा, चिंचपोकळीच्या चाळींमध्ये चूल पेटेनाशी झाली. ज्या पोरांनी बापामागून गिरणीच्या खात्यात लागायचं, ती व्यायामशाळेत आणि नाक्यावर बसून राहिली. रमा नाईक, बाबू रेशीम, अरुण गवळी, अमर नाईक ही टोळीवाल्यांची नावं त्याच परिसरातली. सगळे बेकार गुंड झाले नाहीत. बहुसंख्यांनी वडापाव विकला, हमाली केली, गावची वाट धरली, बायकांनी खानावळी चालवल्या. त्यांच्यावर सिनेमे निघाले नाहीत, म्हणून त्यांची आठवण इथे मुद्दाम ठेवायची. दरम्यान गिरण्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव येत होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्या विकायला वाट करून दिली. १९९४ मध्ये खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांची महालक्ष्मीजवळ गोळ्या घालून हत्या झाली. १६ जानेवारी १९९७ ला पवईत दत्ता सामंत मारले गेले. एक मालक, एक कामगारांचा पुढारी. ज्या गोळ्यांनी ते गेले त्यांना ‘टोळीयुद्ध’ एवढंच म्हणणं अपुरं आहे. शहराच्या मध्यावरची शेकडो एकर जमीन कुणाच्या हाती जाणार, हा प्रश्न त्या वर्षांत जळत होता.

टोळीप्रमुख दाऊद इब्राहिमच्या चरित्रातही वरच्या आणि खालच्या जगाची हीच जवळीक दिसते. वडील मुंबई पोलिसांत हवालदार, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातलं मुंबके. भाऊ साबिर १९८१ मध्ये प्रभादेवीच्या पेट्रोल पंपावर मारला गेला, तिथून पठाण टोळीशी सूडाची मालिका सुरू झाली. पण १२ मार्च १९९३ नंतर या नावाकडे चाळीतल्या पोराची कर्तबगारी म्हणून पाहण्याची सोय उरली नाही. त्या एका दुपारी मुंबईत शेअर बाजारापासून पुढे, त्याच्यावर ठपका असलेले स्फोट एकामागून एक झाले आणि २५७ माणसं गेली. अंडरवर्ल्डबद्दल रोमांचक लिहिताना हा आकडा कागदावर समोर ठेवावा.

कायद्याच्या पुस्तकात ‘अंडरवर्ल्ड’ हा शब्द चालत नाही. महाराष्ट्राने १९९९ मध्ये केलेला मोक्का ‘संघटित गुन्हेगारी’ची व्याख्या करतो: आर्थिक किंवा अन्य लाभासाठी, हिंसा वा धाकदपटशा वापरून, टोळी म्हणून सातत्याने केलेली बेकायदा कृत्यं. मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रं असावी लागतात. जामीन अवघड, आणि वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. रुक्ष भाषा आहे, पण या रुक्षपणाची गरज आहे, कारण तिथे भाई नाही, डॉन नाही, साम्राज्य नाही. लाभ आणि हिंसा आहे. वर्तमानपत्रांची भाषा मात्र उलट्या दिशेने गेली. ११ जानेवारी १९८२ ला वडाळ्यात मन्या सुर्वे पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. मुंबईची पहिली चकमक म्हणून ती ओळखली जाते. नंतर ‘चकमकफेम’ हे विशेषण अधिकाऱ्यांच्या नावामागे बिरुदासारखं लागू लागलं. दोन्ही बाजूंनी ठिणगी उडाली तर चकमक. २००६ सालच्या अशा एका चकमकीबद्दल २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने १३ पोलिसांना दोषी ठरवलं, तेव्हा ठिणगी एकाच बाजूची होती हे नोंदीवर आलं.

टोळ्यांची बोली हा या विषयाचा आणखी एक दरवाजा. पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी, घोडा म्हणजे पिस्तूल, गेम वाजवणं म्हणजे खून. ‘सुपारी’ची वाट तर आपल्या अंगणातून गेली आहे. लग्न ठरलं की सुपारी फुटते. जत्रेच्या पंचांनी तमाशाच्या फडाला विसार दिला की ‘सुपारी दिली’. ठरलं, आता माघार नाही, हा तिचा अर्थ. विडा उचलणंही त्याच घराण्यातलं. विजापूरच्या दरबारात अफझलखानाने उचललेला विडा शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असतो. ‘सुपारी’ला मात्र खुनाचा अर्थ चिकटला आणि आता फडाच्या मालकालाही तो जपून वापरावा लागतो. शब्द खालून वरही चढतात. २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी ‘पन्नास खोके’ची घोषणा दिली, तेव्हा खोका म्हणजे काय हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. या बोलीचा कोश करणारे पत्रकार ज्योतिर्मय डे यांनी ‘खल्लास’ हे पुस्तक लिहिलं होतं. ११ जून २०११ ला पवईत भर दुपारी, मोटरसायकलवरून जाताना त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. या खटल्यात २०१८ मध्ये टोळीप्रमुख छोटा राजनला जन्मठेप झाली.

सिनेमाबद्दल थोडक्यात. ‘दीवार’ १९७५, ‘नायकन’ १९८७, ‘सत्या’ १९९८: मस्तान आणि वरदराजन यांच्या आयुष्याचे धागे पहिल्या दोहोंत शोधले जातात, आणि ‘सत्या’तल्या भिकू म्हात्रेमुळे गिरगाव-परळची बोली पडद्यावर ऐटीत बसली. पण पडद्यामागचा हिशेब अधिक सांगण्याजोगा आहे. चित्रपटांना बँका कर्ज देत नसत, म्हणून निर्माते मिळेल त्याच्याकडून पैसे उचलत, आणि तो पैसा आपल्याबरोबर धमक्या घेऊन येई. १२ ऑगस्ट १९९७ ला अंधेरीत गुलशन कुमार यांची देवळातून बाहेर पडताना हत्या झाली. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने चित्रपटाला उद्योगाचा दर्जा दिला, नंतर बँकांची दारं उघडली. कायदेशीर कर्ज मिळू लागल्यावर बेकायदा सावकाराची पकड सैल होते. हातभट्टी आणि सोन्यानंतरचा हा तिसरा पुरावा.

आता नाक्यावरचे भाई कमी झाले आहेत आणि शब्द पुन्हा जागा बदलतो आहे. ‘पाताल लोक’ हे जुनं नाव २०२० मध्ये एका हिंदी वेब मालिकेने उचललं, दिल्लीच्या गुन्ह्यांसाठी. इंटरनेटच्या लपलेल्या भागाला लोक डार्क वेब म्हणतात. खंडणीचा फोन आता ‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे तोतया पोलिसांच्या, व्हिडिओ कॉलच्या रूपाने येतो, आणि निवृत्त शिक्षक, डॉक्टर, बँक कर्मचारी घरात एकटे बसून जन्माची पुंजी अनोळखी खात्यांत वळती करतात. या कॉलांच्या दुसऱ्या टोकाला म्यानमार-कंबोडियातल्या कुंपणबंद इमारतींमध्ये बसवलेली पोरं असतात. थायलंडला चांगल्या नोकरीचं आमिष दाखवून त्यांना नेलेलं असतं, पासपोर्ट काढून घेतलेले असतात, लक्ष्य पुरं झालं नाही तर मारहाण होते. मार्च २०२५ मध्ये भारताने अशा शेकडो तरुणांना विमानाने परत आणलं. त्यांना नेणाऱ्या दलालांपैकी काहींना महाराष्ट्र सायबर विभागाने अटक केली. परतलेल्या प्रत्येकाबाबत तपास यंत्रणांपुढे एकच प्रश्न होता: याने लोकांना लुटलं, की याला लुटायला लावलं? बळजबरीने आणि स्वेच्छेने काम करणाऱ्यांत फरक करायचा, तर एकेकाचा जबाब, एकेकाचे फोनमधले संदेश, एकेकाच्या खात्यात आलेला पगार तपासावा लागतो.